राबाईची मांडवली: पळून आलेल्या चौदाशे गुलामांचं काय करायचं?

प्रकरण काय

१८८८ च्या ऑक्टोबरात एक ब्रिटिश कंपनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाचा कारभार हातात घ्यायला येते, आणि आल्या आल्या तिच्या माणसाच्या लक्षात येतं की शहराच्या मागे टेकड्यांत, ख्रिस्ती मिशनच्या जमिनींवर, सुमारे चौदाशे अशी माणसं राहतायत जी तिथल्या कायद्याने दुसऱ्याच कुणाची तरी मालमत्ता आहेत. मालक शहरात बसलेत आणि भयंकर चिडलेत. मिशनचे गोरे साहेब म्हणतात आम्हाला एवढं माहीतच नव्हतं. आणि ज्या राबाई गावात यातले सगळ्यात जास्त लोक जमलेत तिथे मिशनचा रोजचा कारभार बघतोय विल्यम जोन्स, जो स्वतः लहानपणी पकडून विकला गेलेला आफ्रिकन, आणि सुटका झाल्यावर शिकला-वाढला कुठे तर आपल्या मुंबई-नाशकाकडच्या मिशनमध्ये.

पळून आलेल्यांपैकी कुणाचंही नाव इथे घेतलेलं नाही. जी नावं आहेत ती अधिकाऱ्यांची नि मिशनच्या लोकांची, इतिहासात आधीच नोंदलेली. आपल्याकडे वसाहतीतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की गाडी अमेरिकेकडे नाहीतर कॅरिबियन बेटांकडे जाते, पूर्व आफ्रिकेचा किनारा नि मुंबई इलाखा यांचं नातं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम हे प्रकरण घेतलंय.

पार्श्वभूमी

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. गुलामांचा व्यापार बंद करणं वेगळं आणि गुलामगिरी बंद करणं वेगळं. इंग्रजांनी १८०७ ला व्यापारावर बंदी घातली, गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला १८३३ मध्ये, म्हणजे मध्ये २६ वर्षं गेली. तो कायदा १८३४ मध्ये लागू झाला तेव्हा सुमारे आठ लाख माणसं त्याच्या कक्षेत होती आणि त्यासाठी सरकारने २ कोटी पौंड मोजले. कुणाला? मालकांना. राबलेल्यांना एक पै नाही, उलट शेतावरच्यांना आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे फुकट राबायला लावलं. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानात आला १८४३ चा ॲक्ट पाच, आणि त्याची चाल एकदम वेगळी: कुणालाही भरपाई नाही, कुणाच्याही सुटकेची घोषणा नाही, फक्त इथून पुढे कुठलंही कोर्ट किंवा सरकारी अधिकारी गुलामावरचा मालकी हक्क मानणार नाही. मालक कोर्टात गेला तर हात हलवत परत. हा कायदा पुढे परत येणार आहे, लक्षात असू द्या.

आता झांझिबार. या बेटाचा सुलतान ओमानी घराण्यातला, पण मोंबासा, मालिंदी, लामू ही किनारपट्टीही त्याच्याच ताब्यात. बेटांवर लवंगांचे मळे, किनाऱ्यावर धान्याची शेती नि नारळाच्या बागा, आणि राबायला आतल्या मुलखातून, न्यासा सरोवराच्या बाजूने वगैरे, पकडून आणलेली माणसं. इंग्रजांनी सुलतानाशी एकामागून एक तह केले, १८२२, मग १८४५, आणि दर वेळी व्यापाराचं एक एक दार बंद होत गेलं. १८७३ मध्ये सर बार्टल फ्रीयर झांझिबारला गेला, हा आधी मुंबईचा गव्हर्नर होता, १८६२ ते ६७. सुलतान बर्घशने त्याला सही दिली नाही, नंतर कॉन्सल, म्हणजे ब्रिटिश सरकारचा तिथला प्रतिनिधी, जॉन कर्कने नाकेबंदीची धमकी दिल्यावर ५ जून १८७३ ला ती झाली. समुद्रावरचा व्यापार बंद, गुलामांचे बाजार बंद. पण मळ्यावरची, घरातली गुलामगिरी? ती तशीच कायदेशीर.

मुंबईचा संबंध इथे येतो. इंग्रजी युद्धनौका अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडायच्या, आणि मग प्रश्न उभा राहायचा की सोडवलेल्या या माणसांना ठेवायचं कुठे. आफ्रिकेत परत सोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडले जाणार. म्हणून काही एडनला, काही सेशेल्सला, मॉरिशसला, आणि बरेच मुंबईला. मुंबईत पोलिसांमार्फत त्यांना घरकामाला, जहाजांवर, मिशनकडे असं वाटून दिलं जाई. त्यातली काही पोरं चर्च मिशनरी सोसायटीकडे (राबाईचं मिशन याच संस्थेचं), आणि १८६० पासून नाशिकला शरणपूरच्या आश्रमात. आज शरणपूर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे. तिथे मुलांना सुतारकाम, लोहारकाम, थोडं लिहिणं-वाचणं, मुलींना शिवणकाम, आणि अर्थातच बाप्तिस्मा. आश्रम चालवणारा विल्यम सॉल्टर प्राइस. डेव्हिड लिव्हिंगस्टनने आपल्या शेवटच्या सफरीसाठी इथूनच पोरं नेली. नाशकात शिकलेला जेकब वेनराइट तर १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मेल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत घेऊन येणाऱ्यांत होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही.

या लोकांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजी नि हिंदुस्थानी बोलणारे, शर्ट-पँट घालणारे, हातात कसब असणारे, आणि ज्या मुलखात जन्मले तिथेच परके. १८६० च्या दशकात त्यांच्यातले थोडे राबाईला गेले, जोन्स त्यांच्यातलाच. १८७४-७५ मध्ये प्राइसने मोंबासा बेटाच्या समोरच जमीन घेऊन सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती उभी केली, नाव दिलं फ्रीयर टाउन, आणि नाशिक-मुंबईहून दीडशेच्या आसपास बॉम्बे आफ्रिकन तिथे आणले. नौदलाने सोडवलेली माणसंही मग शेकड्यांनी तिथेच उतरवायला लागले.

अडचण कशी तयार झाली

नौदलाने समुद्रात सोडवलेला माणूस कायद्याने मोकळा होता, त्याच्यामागे कुणी येत नव्हतं. पण मोंबासाच्या एखाद्या मळ्यावरच्या गुलामाने बघितलं की खाडीपलीकडे आपल्यासारखीच माणसं, आपल्याच मुलखातली, झोपड्या बांधून स्वतःची शेती करतायत, तर तो काय करेल? मळ्यावर साधारण पाच दिवस मालकाचं काम आणि गुरुवार-शुक्रवार स्वतःच्या तुकड्यावर, असा रिवाज होता. या दोन दिवसांत माणूस कुठे आहे हे कुणी फारसं विचारत नसे. राबाई मोंबासापासून चालत एका दिवसाच्या अंतरावर. बस, एवढंच पुरेसं होतं.

मालकांच्या नजरेतून हे सरळ सरळ चोरांना थारा देणं होतं. कायदाही त्यांच्या बाजूने, कारण सुलतानाच्या मुलखात गुलाम ही मालमत्ता आणि ब्रिटिश कॉन्सलने हे मान्य केलेलं. इंग्रज सरकारची तर पळालेल्यांबद्दल कायमच तळ्यात-मळ्यात. १८७५ मध्ये लंडनच्या नौदल खात्याने हुकूम काढला की युद्धनौकेवर पळून आलेला गुलाम काही परिस्थितीत परत द्यावा, त्यावर इंग्लंडमध्ये एवढा गदारोळ झाला की वर्ष संपायच्या आत तो बदलावा लागला. म्हणजे घरी लोकांना दाखवायला एक धोरण नि तिकडे किनाऱ्यावर दुसरं.

१८८० मध्ये पहिला भडका उडाला. फ्रीयर टाउनमध्ये पळालेल्यांना ठेवतात म्हणून मोंबासाचे मालक हत्यारं घेऊन वस्तीवर चालून यायच्या बेतात होते. ते कसंबसं निभावलं, मिशनने शब्द दिला की यापुढे पळालेल्यांना घेणार नाही. याच काळात वस्तीचा गोरा सुपरिंटेंडंट सुटलेल्या लोकांना फटके मारतो म्हणून चौकशी झाली आणि त्याला जावं लागलं, तेव्हा ‘मिशनच्या छायेत सुखाचं राज्य’ असलं चित्र कुणी रंगवू नये. पळालेल्यांनी स्वतःच्याही वस्त्या केल्या होत्या, आत जंगलात. त्यातली फुलादोयो नावाची वस्ती १८८३ मध्ये उद्ध्वस्त केली गेली. म्हणजे एकट्याने राहिलं तर ही गत.

त्यात १८८५. मिशनचा तिथला बिशप हॅनिंग्टन याने जोन्सला डीकन, म्हणजे पाद्रीपदाच्या पहिल्या पायरीवर, केलं आणि बरोबर युगांडाच्या वाटेवर घेऊन निघाला. ऑक्टोबरअखेर बुसोगात बिशपचा खून झाला. मागे थांबलेल्या तांड्याला घेऊन जोन्स कित्येक आठवडे चालत फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईला परतला, पुढे निळ्या कापडाचा झेंडा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला शोकाचा एक शब्द. यानंतर त्याचं त्या भागातलं वजन केवढं वाढलं असेल ते सांगायला नको. राबाईत गोरे मिशनरी येत-जात राहिले, आजारी पडत, बदलून जात, पण रोज दारात येणाऱ्याला तोंड द्यायला हा होता.

आणि दारात कोण येत होतं? कागदोपत्री ‘शिकायला आलेले’, आसपासच्या मिजिकेंडा जमातींतले म्हणवणारे. खरं तर निम्मे-अर्धे मळ्यांवरून पळालेले. येणारा स्वतः सांगत नव्हता, जोन्स विचारत नव्हता, आणि वरचे साहेब वाढत्या हजेरीचे आकडे खुशीत इंग्लंडला कळवत होते. चर्च भरतंय म्हटल्यावर कोण कशाला खोदून बघेल! असं करता करता १८८८ उजाडेपर्यंत एकट्या राबाईच्या आसपास शेकड्यांनी झाले, शेजारच्या दुसऱ्या, मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनच्या जागांवरचे धरून एकूण चौदाशेच्या घरात.

१८८८ मध्येच का फुटलं

इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला सनद मिळाली सप्टेंबर १८८८ मध्ये आणि तिचा माणूस जॉर्ज मॅकेंझी ऑक्टोबरात मोंबासाला उतरला. त्याच्या दोनच महिने आधी, दक्षिणेला जर्मन कंपनीने अशाच पद्धतीने किनारा ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती आणि पांगानीपासून उठाव पेटला होता, जर्मनांना पळता भुई थोडी झालेली. मोंबासाचे अरब-स्वाहिली मालक तेच बघत होते. मॅकेंझीकडे फौज नव्हती म्हटलं तरी चालेल. कंपनीला व्यापार करायचा होता, आत युगांडाकडे तांडे पाठवायचे होते, आणि त्यासाठी शहरातली बडी मंडळी बाजूला हवी होती. आणि नेमका याच वेळी त्यांच्या तोंडी एकच विषय, आमची माणसं मिशनने पळवली.

प्राइसही त्याच वर्षी परत आलेला होता, वय झालेलं, मुद्दाम हा गुंता सोडवायलाच. त्याची गोची बघा. ज्याने नाशकात या लोकांना वाढवलं, ज्याने फ्रीयर टाउन उभं केलं, त्यालाच आता कॉन्सल यूअन-स्मिथ नि कंपनी दोघांना सांगायचं होतं की पळालेल्यांबाबत आमचे हात स्वच्छ आहेत. आणि ते तसे नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, परत द्या. कायद्याने बरोबर, मालक खूश. पण चौदाशे लोकांना धरून देणार कोण? ते शेती करत होते, त्यांच्याकडे हत्यारं होती, आणि मारामारी झाली असती ती मिशनच्या आवारात. शिवाय ही बातमी लंडनला पोचली असती तर १८७५ सारखाच बोभाटा, आणि तो कंपनीला परवडणारा नव्हता, कारण तिच्या भागधारकांत नि संचालकांत गुलामगिरीविरोधी चळवळीच्या घराण्यातली माणसं होती.

दुसरा, ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणत त्यांना मिशनच्या जमिनीवरून घालवून द्या. म्हणजे हात झटकले. हे लोक मग जंगलात जाणार, फुलादोयोसारखं काहीतरी पुन्हा उभं करणार आणि पुन्हा जाळलं जाणार. मिशनवाल्यांमध्ये हा विचार गंभीरपणे चालू होता हे कळल्यावर मला तरी आश्चर्य वाटलं नाही. संस्थेला जपण्यासाठी माणसं सोडून देणं हे काही फक्त त्या काळातच होत होतं असं नाही.

तिसरा, ठेवून घ्या आणि काय होईल ते होऊ द्या. जोन्स वर्षानुवर्षं न बोलता हेच करत आला होता. पण हे तोवरच चालतं जोवर कुणी मोजदाद करत नाही. मोजदाद झाली होती.

चौथा पर्याय टेबलावर आलाच नाही, पण तो होता, आणि याच किनाऱ्यावर आधी एकदा वापरलेला. १८६० च्या आसपास झांझिबारचा कॉन्सल रिग्बी याने तिथे धंदा करणाऱ्या कच्छी वगैरे हिंदी व्यापाऱ्यांना सांगितलं की तुम्ही ब्रिटिश प्रजा आहात, ब्रिटिश प्रजेला गुलाम ठेवता येत नाही, सोडा. हजारो सुटले आणि व्यापाऱ्यांना भरपाई शून्य. अर्थात मोंबासाचे मालक सुलतानाची प्रजा होते, त्यामुळे तीच मात्रा जशीच्या तशी चालली नसती. पण १८४३ च्या हिंदुस्थानातल्या कायद्यासारखं, ‘आम्ही ज्याचा कारभार बघतो त्या मुलखात आमचा अधिकारी कुणाला धरून देणार नाही’ एवढं तरी कंपनीला म्हणता आलं असतं की नाही? उठाव पेटलेला असताना ते म्हणायला छाती लागते, हे मान्य.

पाचवा, पैसे द्या.

काय केलं

मॅकेंझी व्यापारी माणूस, त्याने मांडवली केली. मालकांना बोलावलं, माणशी २५ डॉलर देतो म्हणाला, हे डॉलर म्हणजे त्या किनाऱ्यावर चालणारं मारिया थेरेसाचं चांदीचं नाणं. बदल्यात मालकाने त्या माणसावरचा हक्क कायमचा सोडायचा आणि त्याला सुटकेचा कागद मिळणार. इथे एक अडचण अशी की ब्रिटिश प्रजाजनाला जगात कुठेही गुलाम विकत घ्यायला १८४३ पासून कायद्याने बंदी होती, त्यामुळे हा व्यवहार खरेदी दिसून चालणार नव्हता. भरपाई म्हणायचं, मालकाने राजीखुशीने हक्क सोडला म्हणायचं. पैसा कंपनीने, ब्रिटिश सरकारने आणि मिशनच्या हितचिंतकांनी मिळून घातला, सगळा खर्च काही हजार पौंडांचा.

मालक तयार का झाले? कारण पळालेला माणूस आठ-दहा वर्षं हाती लागलेला नसताना त्याचे २५ डॉलर रोख मिळतायत हा फायद्याचाच सौदा होता. बुडीत कर्जाची वसुलीच ती. शिवाय कंपनीने ‘हो, तो तुमचाच होता’ हे उघड मान्य केलं, आणि मला वाटतं मालकांच्या दृष्टीने पैशापेक्षा हे जास्त मोलाचं होतं.

मांडवलीची दुसरी बाजू मिशनकडून: यापुढे पळालेला कुणीही ठेवून घ्यायचा नाही.

१ जानेवारी १८८९ ला राबाईत लोकांना जमवून सुटकेचे कागद वाटले. प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद. यातल्या बऱ्याच जणांनी त्या जमिनीवर घरं बांधली होती, पेरणी-कापणी केली होती, पोरं झाली होती, म्हणजे जगायला ते कधीच मोकळे झाले होते, आपल्या पायांनी चालत येऊन. त्या दिवशी मिळालं ते एवढंच की आता शहरात बाजाराला गेलं तर जुना मालक हात धरू शकणार नाही. हे थोडं नाही. मोंबासाच्या बाजारात उघडपणे कोंबड्या नि धान्य विकता येणं म्हणजे काय असतं हे ज्याने दहा वर्षं लपून काढलीत त्यालाच माहीत.

निकाल

कंपनीपुरतं बघितलं तर काम फत्ते. मोंबासा शांत राहिलं, दक्षिणेसारखा उठाव झाला नाही, मॅकेंझीचं लंडनमध्ये कौतुक झालं, काही हजार पौंडांत ‘चौदाशे गुलामांचा मुक्तिदाता’ अशी जाहिरात कुठल्या कंपनीला नको असेल? आणि त्याच काळात या किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या तांड्यांसाठी झांझिबारहून भाड्याने हमाल घेतले जात, त्यांच्यात गुलामही असत आणि त्यांच्या पगाराचा वाटा मालक कापून घेत. हे सगळ्यांना माहीत होतं.

मिशनचं बघितलं तर अब्रू वाचली, पण दार बंद झालं. जोन्सच्या माथी ‘शिस्त पाळली नाही’ असा सूर राहिला. ज्याच्या न विचारण्यामुळे शेकडो माणसं वाचली त्याला दोष, आणि सुटकेचं श्रेय साहेबाला, हा हिशेब काही मला पटत नाही.

आणि १८८९ नंतर पळणाऱ्यांचं? त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. कागद एका तारखेपर्यंत आलेल्यांना होता, गुलामगिरी तशीच चालू. १८९५ मध्ये कंपनी गाळात गेल्यावर ब्रिटिश सरकारने मुलूख थेट हातात घेतला, तेव्हाही मालकांच्या रिवाजांना धक्का लावणार नाही असंच आश्वासन. झांझिबार नि पेंबा बेटांवर एप्रिल १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली, पण मालकांना भरपाई देऊन, आणि ज्याला सुटायचंय त्याने स्वतः कोर्टात येऊन अर्ज करायचा, राहण्याची नि पोटाची सोय दाखवायची, नाहीतर भटक्या म्हणून कारवाई. घरात ठेवलेल्या बायकांना तर त्यातूनही वगळलं, त्यांना १९०९ पर्यंत थांबावं लागलं. मोंबासाच्या किनाऱ्यावर हे सगळं व्हायला १९०७ उजाडलं.

निर्णय कुठे अडले, वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय १८८८ चा नाहीच, १८७३ चा आहे. तहात व्यापार बंद केला आणि मळ्यावरची गुलामगिरी मुद्दाम सोडून दिली, तेव्हाच पुढची सगळी भानगड ठरली. फ्रीयर मुंबईचा गव्हर्नर राहिलेला, हिंदुस्थानातला १८४३ चा कायदा त्याला तोंडपाठ असणार, तो कायदा आणून हिंदुस्थानात आभाळ कोसळलं नव्हतं हेही माहीत. तरी तो मार्ग झांझिबारला यायला आणखी २४ वर्षं लागली. कारण सरळ आहे, सुलतानाच्या नावाने किनारा चालवायचा तर सुलतानाचं बळ ज्या मालकांवर उभं त्यांना दुखवायचं नाही. (हिंदुस्थानातला कायदाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, वेठबिगारी नि कर्जापायी राबणारे तसेच राहिले. पण निदान सरकारी शिपाई पळालेल्याच्या मागे जात नव्हता.)

दुसरा, १८८० मध्ये मिशनने दिलेला शब्द. पाळता येणार नाही हे माहीत असताना दिला. त्यापेक्षा तेव्हाच कॉन्सलकडे जाऊन ‘आम्ही घेणार, तुम्ही काय करायचं ते ठरवा’ असं उघड म्हटलं असतं तर प्रश्न शंभर-दोनशे लोकांचा असताना सुटला असता, आणि कदाचित तारखेची अट न घालता. लपवाछपवीमुळे दोन गोष्टी झाल्या: जास्त माणसं वाचली, हे खरंच; पण सौदा झाला तेव्हा मिशन चोर ठरलेलं होतं आणि चोराला अटी घालता येत नाहीत. या दोन्हीतलं काय जास्त वजनाचं हे मी आठवडाभर स्वतःशी भांडून पाहिलंय, आणि माझं मत अजूनही जोन्सच्या बाजूने झुकतं. उघड म्हटलं असतं तर कॉन्सल ‘घ्या’ म्हणाला असता याची कसलीच खात्री नव्हती.

तिसरा, पैसे. द्यायचेच होते तर ते कशाच्या बदल्यात द्यायचे? मॅकेंझीने आलेल्यांचे दिले. तेवढ्याच दबावाखाली, तेवढ्याच मालकांकडून, पुढचं काहीतरी मागता आलं असतं, की जो माणूस स्वतः २५ डॉलर आणून ठेवेल त्याला सोडावंच लागेल, किंवा यापुढे जन्मणारी पोरं मोकळी. असलं काही नवं नव्हतं, जन्मणाऱ्यांना मोकळं धरायचा कायदा ब्राझीलने १८७१ मध्येच केला होता. ठरलेला दर तर तयारच होता, तो फक्त मालकांना लागू केला, गुलामांना नाही.

आणि चौथा, जो कुणी विचारातच घेतला नाही. चौदाशे लोकांपैकी कुणालाही विचारलं गेलं नाही. त्यांचा कुणी पंच नाही, त्यांच्या वतीने कुणी बोलायला नाही, जोन्सही औपचारिकपणे नाही. मालकांचे दावे लिहून घेतले, माणशी दर ठरला, यादी झाली. उलटा दावा, म्हणजे मळ्यावर काढलेल्या वर्षांची मजुरी, तो मांडायला यादीत रकानाच नव्हता. १९०७ मध्ये किनाऱ्यावर मालकांसाठी भरपाईचे अर्ज मागवले तेव्हाही नव्हता.